हृदयातली फट बुजवावी का?

वाचकहो, तुम्ही म्हणाल, भाताच्या वाणांवर आणि खतांच्या मात्रांवर बोलणारा हा शेतकीचा माणूस आज हृदयाच्या गोष्टी सांगायला कुठे बसला! तुमचे म्हणणे रास्त आहे. मी बी. एस्सी. ॲग्री. झालेला, पंचायत समितीतला विस्तार अधिकारी. डॉक्टर नव्हे. पण गेली काही वर्षे मुठा खोऱ्यात कुठेही गेलो, तरी पीकपाण्याचे बोलणे संपले की कोणीतरी मला हळूच बाजूला घेते. "साहेब, तुमच्या भावाच्या हृदयाला भोक होतं म्हणे. ते बुजवलं म्हणे. आमच्या पाहुण्यांतही एकाला तसंच सांगितलंय. करावं का हो?" उभ्या उभ्या सांगताना निम्मे सांगायचे राहून जाते. म्हणून आज सगळे नीट मांडतो.

माझा धाकटा भाऊ मुठ्यालाच असतो. घरची भाताची खाचरे, चार गायी, थोडा भाजीपाला. २०२२ साली तो एक्केचाळीस वर्षांचा होता. अंगाने काटक. ना रक्तदाब, ना साखर. त्या वर्षी जुलैत लावणीच्या वेळी ओल्या बांधावरून त्याचा पाय घसरला आणि नडगीचे हाड मोडले. सहा आठवडे पाय प्लॅस्टरमध्ये होता. प्लॅस्टर काढल्यावर चार दिवसांनी टेम्पोतून सरकी पेंडीचे पोते पाठीवर घेताना तो खाली बसला. उजवा हात लोंबायला लागला. बोलायला जावे तर जीभ वळेना.

आपल्याकडे याला अंगावरून वारे जाणे म्हणतात. त्याप्रमाणे कोणी तेल गरम करायला सांगितले, कोणी पलीकडच्या गावातल्या चोळणाऱ्या बाबाचे नाव काढले. पुतणी तेव्हा कॉलेजात शिकत होती. तिने बापाचे तोंड एका बाजूला ओढलेले पाहिले आणि कोणाला न विचारता १०८ नंबर फिरवला. गाडी पिरंगुटवरून पुण्याला गेली. तिथे आधी डोक्याचा सीटी स्कॅन झाला. मेंदूत रक्तस्राव नसून गुठळीने नस बंद झाली आहे, हे कळल्यावर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन दिले. हे इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि जितके लवकर तितके चांगले. रक्तस्राव असेल तर तेच इंजेक्शन जिवावर बेतते, म्हणून स्कॅन आधी. भावाला वेळेत मिळाले. आठवड्याभरात बोलणे सुधारले, हात वर जाऊ लागला.

पण प्रश्न पुढेच होता. एवढ्या धडधाकट माणसाला हे झाले कशाने? आणि पुन्हा होणार नाही कशावरून?

मानेच्या नसा तपासल्या, त्या स्वच्छ होत्या. हृदयाच्या झडपा ठीक होत्या. रक्ताच्या तपासण्यांत काही निघाले नाही. हृदयाची लय पाहण्यासाठी कित्येक दिवस छातीला यंत्र लावले, तीही बरोबर होती. मग डॉक्टरांनी बुडबुड्यांची तपासणी केली. सलाइनचे पाणी घुसळून त्यात बारीक बुडबुडे करायचे, ते हाताच्या शिरेतून सोडायचे आणि सोनोग्राफीसारख्या यंत्रावर हृदय पाहायचे. माणसाला कुंथायला सांगून मग जोर सोडायला लावतात. बुडबुडे हृदयाच्या उजव्या बाजूलाच राहायला हवेत. भावाच्या हृदयात ते क्षणात डाव्या बाजूला गेले. मग अन्ननलिकेतून नळी घालून जवळून पाहिले. हृदयाच्या मधल्या भिंतीत फट होती.

ही बातमी घरी आली आणि आमची आई खचली. ती म्हणाली, "पोटात असतानाच ह्याला भोक पडलं. गरोदर असताना मी लावणीला वाकले, उपाशी राहिले. माझ्यामुळंच झालं." जेवण तिने जवळजवळ सोडले. तेव्हा डॉक्टरांनी तिला समोर बसवून जे सांगितले, तेच तुम्हाला माझ्या भाषेत सांगतो.

हृदय म्हणजे चार खणांचे घर. दोन खण उजवीकडे, दोन डावीकडे, मध्ये भिंत. अंगभर फिरून आलेले मळके रक्त उजव्या बाजूला येते, तिथून फुप्फुसांत जाते, प्राणवायू घेऊन डाव्या बाजूला येते आणि पुन्हा अंगभर जाते. पोटातल्या बाळाची फुप्फुसे मात्र श्वासाचे काम करीत नाहीत. त्याला प्राणवायू मिळतो तो आईच्या वारेतून, नाळेवाटे. ते चांगले रक्त उजव्या वरच्या खणात येते आणि मधल्या भिंतीतल्या फटीतून थेट डाव्या खणात जाते. ही फट प्रत्येक बाळाला असते. तुम्हाला होती, मला होती. बाळ जन्मले, पहिला टाहो फोडला, की फुप्फुसे फुगतात, डाव्या खणातला दाब वाढतो आणि फटीवरचा पडदा दारासारखा लागतो. पुढे बहुतेकांचा तो भिंतीला चिकटून जातो. पण दर चार माणसांत साधारण एकाचा चिकटत नाही. तो नुसता टेकून राहतो.

आईने विचारले, "म्हणजे ती फट नसती तर हा पोटातच..." डॉक्टर म्हणाले, "होय आजी, त्या फटीवरच तर तो वाढला." आई काही बोलली नाही. त्या रात्री बऱ्याच दिवसांनी ती पोटभर भाकरी जेवली.

हृदयाचे खरे भोक वेगळे, हेही इथेच सांगून ठेवतो. त्यात भिंतीचा तुकडाच नसतो. ते बहुधा लहान मुलांत सापडते. मूल लवकर दमते, वजन धरत नाही, छातीत वारंवार कफ होतो. अशा मुलांसाठी २०१३ पासून राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रम आहे. अंगणवाडीत आणि शाळेत येणारे तपासणी पथक त्यातलेच. त्यांनी मूल पुढे दाखवायला सांगितले तर टाळू नका. भावाचे तसे नव्हते. त्याची होती ती न चिकटलेली फट.

मग चार जणांत एकाला असणारी फट भावालाच का नडली? विहिरीवरच्या मोटारीचा फुटव्हॉल्व्ह आठवा. वरच्या पाण्याच्या वजनाने झडप दाबून बसते, तोवर पाणी मागे जात नाही. हृदयातला पडदाही डाव्या बाजूच्या दाबाने बसलेला असतो. पण आपण जोराने खोकतो, शौचाला कुंथतो, जड पोते उचलतो, तेव्हा क्षणभर उजवीकडचा दाब वाढतो आणि पडदा उघडतो. एरवी त्याने काही बिघडत नाही. मात्र नेमके त्याच क्षणी रक्तात गुठळी वाहत आली असेल, तर घात होतो. पाय फार दिवस हलला नाही, जसा प्लॅस्टरमध्ये, मोठ्या ऑपरेशननंतर किंवा बाळंतपणात, की पायाच्या शिरांत रक्त गोठू शकते. अशी बारीक गुठळी सुटली तर एरवी फुप्फुसांत अडकते. ठिबकच्या जाळीत कचरा अडकावा तशी. गुठळी मोठी असेल तर तिथेही जिवाला धोका असतो, पण मेंदू वाचतो. फट उघडली, की गुठळी जाळी चुकवून डावीकडे जाते, आणि पुढे मेंदूच्या नसेत बसते. ही आडवाट डॉक्टरांना आज कळलेली नाही. जर्मनीतल्या युलियस कोनहाइम या संशोधकाने १८७७ सालीच तिचे वर्णन केले होते.

आता मुख्य गोष्ट. फट बुजवायची की नुसत्या गोळ्यांवर राहायचे? भाऊ म्हणाला, "दादा, चालतोय, बोलतोय, तेवढं बास आहे. हृदयात तार कशाला घालून घेऊ?" भावजय म्हणाली, "तुम्ही झोपलात की मी रात्री दोनदा उठून बघते, श्वास चालू आहे का." दोघांचेही खरे होते.

मी आयुष्यभर प्रात्यक्षिक प्लॉट घातलेला माणूस. एका खाचरात वाण चांगला आला म्हणून मी त्याची शिफारस करीत नाही. शेजारी जुना वाण लावून, तीच जमीन, तेच खत, तेच पाणी देऊन तुलना करतो. डॉक्टर मंडळीही तसेच करतात, हे मला कळले तेव्हा माझा जीव जरा थाऱ्यावर आला. अशा फटीच्या रुग्णांचे दोन गट करायचे, एकाची फट बुजवायची आणि दुसऱ्याला गोळ्याच द्यायच्या. २०१२ आणि २०१३ साली आलेल्या तीन तुलनांत बुजवण्याचा स्पष्ट फायदा दिसला नव्हता. म्हणून तेव्हाचे बरेच डॉक्टर "गोळ्याच घ्या" म्हणत. पुढे रुग्ण नीट निवडून आणि जास्त वर्षे लक्ष ठेवून केलेल्या अभ्यासांचे निकाल २०१७ साली एकदम आले. त्यांतल्या एका युरोपातल्या अभ्यासात साठ वर्षांपर्यंतचे रुग्ण होते. फट बुजवलेल्या २३८ जणांत सुमारे पाच वर्षांत एकालाही पुन्हा झटका आला नाही. नुसत्या गोळ्यांवरच्या २३५ जणांत तो १४ जणांना आला. २०२१ साली सगळ्या मोठ्या अभ्यासांतले ३,७४० रुग्ण एकत्र मोजले. तेव्हा असे दिसले, की गोळ्यांवरच्या हजार जणांत वर्षाला सुमारे ११ जणांना पुन्हा झटका येतो, आणि फट बुजवलेल्या हजारांत सुमारे ५ जणांना.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचा. धोका निम्म्याहून खाली आला, हे खरे. मुळात हजारात ११ म्हणजे उद्याच आभाळ कोसळणार असे नाही, हेही खरे. म्हणजे विचार करायला वेळ असतो. घाईने जमीन विकायची किंवा सावकाराकडे जायची गरज नसते.

भावाने डॉक्टरांना विचारले, "मग रक्त पातळ करायचं जोरदार औषधच देत राहिलात तर?" त्यालाही दुसरी धार आहे. इस्रायलचे पंतप्रधान एरियल शॅरन यांना डिसेंबर २००५ मध्ये लहानसा झटका आला होता. त्यांच्याही हृदयात अशीच फट सापडली. रक्त पातळ करणारे औषध सुरू झाले आणि फट बुजवायचा दिवस ५ जानेवारी २००६ ठरला. आदल्या दिवशी, ४ तारखेच्या रात्री, त्यांच्या मेंदूत मोठा रक्तस्राव झाला. ते पुन्हा शुद्धीवर आले नाहीत. आठ वर्षांनी, जानेवारी २०१४ मध्ये वारले. त्यात औषधाचा वाटा किती आणि मेंदूच्या नसा आधीच नाजूक होत्या त्याचा किती, यावर डॉक्टरांत चर्चा झाली. आपण घ्यायचे ते एवढेच, की कोणतीच वाट पूर्ण निर्धोक नाही. आपल्या माणसाला कोणती वाट कमी धोक्याची, हे पाहायचे.

भावाचे वय साठच्या आत. झटक्याचे दुसरे कारण शोधून शोधून सापडलेले नाही. फट मोठी. मेंदूचे डॉक्टर आणि हृदयाचे डॉक्टर, दोघांचे मत एक पडले. शेवटी भावानेच ठरवले. एक गाय विकली, उरलेले पैसे मी भविष्यनिर्वाह निधीतून काढले.

छाती उघडावी लागली नाही. जांघेतल्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेली. त्या नळीतून मिटलेल्या छत्रीसारखे झाकण आत गेले. निकेल आणि टायटॅनियमच्या तारेच्या दोन चकत्या, मध्ये बारीक कमर. भिंतीच्या पलीकडे एक चकती उघडली, अलीकडे दुसरी, आणि फट मध्ये दाबली गेली. या तारेचा गुण असा, की दाबून नळीत घातली तरी बाहेर येताच ती आपला मूळ आकार धरते. २०२० साली तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने बंगळूरच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजच्या साथीने याच तारेचे झाकण तयार केले आणि ते तंत्र पुण्याच्याच बायोराड मेडिसिस कंपनीला देण्याचा करार केला. ते झाकण भिंतीतल्या खऱ्या भोकासाठी आहे, पण तत्त्व तेच.

तासाभरात काम झाले, दुसऱ्या दिवशी भाऊ घरी आला. काही आठवडे जड उचलायला मनाई होती. काही महिन्यांत झाकणावर शरीराचाच पापुद्रा चढतो. रक्त गोठू नये म्हणून सुरुवातीला दोन प्रकारच्या गोळ्या होत्या, मग एक राहिली. पहिले सहा महिने दाताचे काम करण्याआधी डॉक्टरांना विचारायला सांगितले होते. अडचणी येतच नाहीत असे नाही. शंभरात चार-पाच जणांची हृदयाची लय काही काळ बिघडते, बहुतेकदा पहिल्या काही आठवड्यांत. जांघेत रक्त साकळू शकते. झाकण सरकणे फार क्वचित. निकेलचे वावडे असेल, म्हणजे खोट्या दागिन्यांनी अंगावर चट्टे उठत असतील, तर ते आधीच सांगावे. भावाला पहिल्या महिन्यात दोनदा छातीत धडधडले, मग थांबले. त्यानंतरचे सगळे खरीप त्याने स्वतः चिखलात उभे राहून केले आहेत.

ही एक बाजू झाली. आता दुसरी ऐका. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ, वय अडुसष्ट. जुना रक्तदाब, तोंडात कायम तंबाखू. त्यांनाही झटका आला. एका रुग्णालयात तपासणीत फट दिसली आणि "हृदयाला भोक आहे, लगेच बुजवा" असे सांगण्यात आले. मुलांनी रस्त्यालगतची पाच गुंठे जमीन विकायला काढली. आपल्या मुळशीत गिऱ्हाईक काय, तासाभरात उभे राहते. मी म्हटले, सही करण्याआधी मेंदूच्या दुसऱ्या डॉक्टरांना कागद दाखवा. त्यांनी काही दिवस लयीचे यंत्र लावून पाहिले. हृदयाची लयच बिघडलेली निघाली. त्या बिघाडात गुठळी डाव्या खणातच तयार होते. मग मधली भिंत बुजवून काय उपयोग? त्यांना रक्त पातळ करणारे औषध सुरू झाले, रक्तदाब आटोक्यात आणला. जमीन घरात राहिली.

दोघांच्या हृदयात फट होतीच. एकाच्या दुखण्याचे मूळ तिच्यात होते, दुसऱ्याच्या नव्हते. करपा पडलेल्या भाताला युरिया टाकून भागत नाही, तसेच हे. फट सापडली म्हणजे कारण सापडले असे समजू नका. चौघांत एकाला ती असतेच, तेव्हा दुसऱ्याच कारणाने झटका आलेल्यातही ती योगायोगाने दिसणारच.

म्हणून कोणी तुम्हाला बुजवायला सांगितले, तर चार प्रश्न विचारा. झटका खरोखर गुठळीचाच होता का? रक्तदाब, साखर, मानेच्या नसा, हृदयाच्या झडपा आणि लय ही सगळी कारणे तपासून झाली का? वय साठच्या पुढे असेल, तर बुजवण्याचा या रुग्णाला फायदा काय? मेंदूचे आणि हृदयाचे, दोन्ही डॉक्टर सहमत आहेत का? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. खर्च लाखांत जातो. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत हृदयाचे अनेक उपचार आहेत; आपला उपचार त्यात बसतो का, हे भरती होण्यापूर्वी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. आणि ज्याला कधी झटका आलाच नाही, त्याला दुसऱ्याच तपासणीत फट दिसली, तर ती केवळ दिसली म्हणून बुजवत नाहीत.

भीतीपेक्षा वाईट असते ती कुजबूज. २०२४ मध्ये पुतणीच्या स्थळाची बोलणी चालली होती. भावकीतल्या कोणीतरी मुलाकडच्यांच्या कानावर घातले, की त्या घरात हृदयाला भोक आहे. बैठकीत विषय निघालाच. मी म्हटले, "आपण इथे आठ जण बसलो आहोत. सरासरी धरली तर दोघांच्या हृदयात ही फट असणार. कोणाच्या, ते आपल्याला ठाऊक नाही एवढेच." मुलाचे वडील बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे आमच्यातबी असंल की." ती सोयरीक काही जुळली नाही. पण कारण भोक नव्हते. पुतणीलाच नोकरी लागेपर्यंत थांबायचे होते.

शेवटी एक सांगतो. फट बुजवण्याची पाळी येणारी माणसे गावात एखाद-दुसरीच. पण रक्तदाब, तंबाखू आणि मिसरी घरोघरी आहे, आणि आपल्या खेड्यातले झटके बहुतेक त्या वाटेने येतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब फुकट मोजतात, गोळ्याही मिळतात. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने, बायकांनी सुद्धा, तो मोजून घ्यावा आणि गोळ्या मनाने बंद करू नयेत. पाय प्लॅस्टरमध्ये असेल तर बोटे हलवत राहावे, पोटरी सुजली किंवा दुखू लागली तर अंगावर काढू नये. आणि कोणाचे तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे अडखळले, तर तेलाची वाटी बाजूला ठेवा, त्रास किती वाजता सुरू झाला ते लक्षात ठेवा आणि १०८ ला फोन करा. घरातल्या शाळकरी मुलांनाही हे शिकवून ठेवा. वेळेला तीच उपयोगी पडतात.